पाय टेकत नाहीत तिथे: समुद्री कयाकबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत: खोल पाण्यात कयाकमध्ये बसायचं कसं, आणि पडलो तर परत चढायचं कसं. एक प्रश्न सोडला, तर बाकी सगळे बंद कॉकपिटच्या (कॉकपिट म्हणजे आत बसायची पोकळी) समुद्री कयाकबद्दल आहेत, म्हणजे साधारण पाच ते साडेपाच मीटर लांब आणि जेमतेम ५० ते ६० सेंटीमीटर रुंद अशी ती सडपातळ होडी.

प्रश्न: वाळूवरून निघताना मला काहीच अडचण येत नाही, पण तरंगत्या धक्क्यावरून कयाकमध्ये बसताना मी तीनदा पाण्यात पडलो. नेमकं काय चुकतंय?

वाळूवर कयाकचा तळ टेकलेला असतो, म्हणून तुमच्या चुका पोटात घातल्या जातात. धक्क्याला लावलेली कयाक पूर्ण तरंगत असते. ती कलंडू शकते, शिवाय आडवी सरकूही शकते. बहुतेक जण पडतात ते या सरकण्यामुळे. एक पाय कयाकमध्ये आणि एक धक्क्यावर, वजन अर्धं इकडे अर्धं तिकडे, अशा अवस्थेत कयाकमधला पायच तिला धक्क्यापासून दूर ढकलतो. फट वाढत जाते आणि माणूस मधल्या पाण्यात. त्यामुळे वजन एकतर धक्क्यावर ठेवा, नाहीतर कयाकच्या मधोमध. दोन्हींच्या मध्ये जितका कमी वेळ राहाल तितकं बरं. आणि कयाकमध्ये उभं राहायचं नाही, क्षणभरसुद्धा नाही.

कयाक धक्क्याला समांतर लावा. वारा आणि प्रवाह यांत ज्याचा जोर जास्त, त्याच्याकडे तिचं पुढचं टोक करा. वल्हं कॉकपिटच्या काठाच्या लगेच मागे आडवं ठेवा, एक पातं धक्क्यावर सपाट टेकलेलं. आता धक्क्याच्या कडेवर बसा, कॉकपिटच्या किंचित मागे, तोंड पुढे. दोन्ही पाय कॉकपिटमध्ये, आसनाच्या पुढे, मधल्या रेषेवर. कयाककडचा हात पाठीमागे नेऊन अंगठ्याने वल्ह्याचा दांडा आणि बोटांनी कॉकपिटचा काठ असा एकाच मुठीत धरा. दुसरा हात धक्क्याकडच्या दांड्यावर. बूड उचलून एका हालचालीत आधी मागच्या डेकवर, म्हणजे कयाकच्या वरच्या पाठीवर या आणि तिथून पाय सरळ करत आसनात घसरा. हे होईपर्यंत अंगाचा कल थोडा धक्क्याकडेच असू द्या, कारण आधार फक्त त्याच बाजूला आहे. बाहेरच्या बाजूचा काठ दाबून बूड उचलण्याचा मोह होतो आणि तिथेच कयाक उलटते.

वल्ह्याच्या दांड्यावर बसू नका. धक्का आणि कयाक यांच्यामधला त्याचा भाग अधांतरी असतो. कार्बनचा दांडा तिथे तडकतो आणि ते बऱ्याचदा पुढच्या वापरात, भर पाण्यात लक्षात येतं.

धक्का पाण्यापासून गुडघ्याहून उंच असेल तर वल्ह्याचा पूल इतका तिरका होतो की त्याचा उपयोग राहत नाही. तेव्हा वल्हं हाताशी ठेवून द्या, पाय कयाकमध्ये सोडा, धड धक्क्याकडे वळवून दोन्ही तळवे धक्क्यावर रोवा आणि हातांवर वजन घेत हळू खाली उतरा. कोणी कॉकपिटचा काठ धरून ठेवणारं असेल तर संकोच न करता धरायला सांगा.

प्रश्न: कयाक उलटली आणि मी स्प्रे स्कर्टमुळे आत अडकले तर? या भीतीने मी स्कर्ट लावतच नाही.

स्कर्ट म्हणजे कमरेभोवती घालून कॉकपिटच्या काठावर ताणून बसवायचं, पाणी आत येऊ न देणारं कापड. ते न लावता समुद्रात गेलात तर प्रत्येक लाट कॉकपिटमध्ये येईल आणि उलटण्याची शक्यताच वाढेल. भीती घालवायची ती बाहेर पडण्याचा सराव करून.

पालथ्या कयाकमधून तुमचं अंग आपसूक खालीच सरकत असतं. आत धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे तुमचे दाबलेले गुडघे. गडबड होते ती माणूस श्वासासाठी मान मागे टाकून वर येऊ बघतो म्हणून. पाठ मागे गेली की मांड्या डेकखाली दाबल्या जातात आणि खरोखरच अडकल्यासारखं होतं. म्हणून उलटल्याबरोबर पुढे वाका, कपाळ डेकजवळ. दोन्ही हात कॉकपिटच्या काठावरून पुढे सरकवत न्या, समोर स्कर्टची पट्टी हाताला लागेल. ती आधी पुढे, म्हणजे तुमच्यापासून दूर ढकला, मग खेचून काढा. स्कर्टची लवचिक कड काठाच्या ओठाखाली अडकलेली असते. पट्टी थेट पोटाकडे ओढली तर ती सुटत नाही, फक्त ताणली जाते. कड सुटली की हात कमरेपाशी काठावर टेकवा, गुडघे जवळ घ्या आणि पँट उतरवतो तशी कयाक अंगावरून ढकलून काढा. कोलांटी मारल्यासारखे तुम्ही बाहेर येता. सगळं मिळून पाच-सहा सेकंदांचं काम. आत असताना ते फार लांबल्यासारखं वाटतं, म्हणून सरावात घाई मुद्दाम मोडायची: उलटल्यावर आधी कयाकच्या तळावर हाताने तीनदा थापा मारायच्या आणि मगच पट्टी शोधायची.

पट्टी चुकून स्कर्टखाली आत राहून जाणं ही मात्र जिवावर बेतणारी चूक. निघण्यापूर्वी पट्टीला हात लावून बघा, सोबत्याचीही बघा. तरीही राहिलीच, तर कमरेच्या बाजूला काठालगतचं कापड मुठीत धरून आत ओढा, कड तिथून सुटते. कमरेइतक्या पाण्यात, शेजारी माणूस उभा करून हेही एकदा करून बघा.

प्रश्न: माझं वजन ९५ किलो आहे. सराव करताना सोबती माझी कयाक धरतो, पण मला हातांनी वर ओढून घेता येत नाही. शेवटी दोघे मिळून मला लाइफ जॅकेटला धरून ओढतात. माझ्यासारख्याने हा नाद सोडावा का?

मुळीच नाही. पाण्यात बुडालेल्या अंगाला वजन जवळजवळ नसतं. जितका भाग पाण्याबाहेर काढाल तेवढाच उचलावा लागतो. तुम्ही बहुधा पाण्यात उभे राहून भिंतीवर चढल्यासारखं सरळ वर चढू बघताय. त्यात पाय कयाकच्या तळाखाली जातात, छाती काठावर अडते आणि सगळा भार दंडांवर येतो. व्यायामाने हे फारसं सुधारत नाही. अंग आडवं केलं की सुधारतं.

पण चढण्याआधीचं कामही नीट झालेलं असावं. मदतनीस तुमच्या पालथ्या कयाकचं पुढचं टोक स्वतःच्या कॉकपिटसमोर आडवं घेतो, दोन्ही कयाकचा इंग्रजी टी होईल असं. तुम्ही मागच्या टोकाशी. कयाक आधी थोडी कडेवर फिरवून कॉकपिटमध्ये हवा शिरू द्यायची. तसं न करता उचलायला गेलं तर उपड्या तांब्यासारखं पाणी आत धरून राहतं आणि मदतनीसाची पाठ धरते. हवा शिरली की पुढचं टोक त्याने आपल्या डेकवर ओढून घ्यायचं, तुम्ही त्याच वेळी मागचं टोक खाली दाबायचं. आसनामागे बल्कहेड, म्हणजे आतली आडवी भिंत असल्याने पाणी मागे न जाता कॉकपिटमधून बाहेर पडतं. धार थांबली की कयाक सुलटी करून पाण्यात सरकवायची आणि दोन्ही कयाक शेजारी आणायच्या, एकीचं पुढचं टोक दुसरीच्या मागच्या टोकाकडे. या सगळ्यात तुमचा एक हात कुठल्या तरी कयाकच्या डेकवरच्या दोरीवर असलाच पाहिजे. वारा असला तर सुटलेली कयाक पोहणाऱ्यापेक्षा जास्त वेगाने वाहत जाते.

आता चढणं. तुमची कयाक तुमच्या आणि मदतनीसाच्या मध्ये आहे. कॉकपिटच्या बाजूला पाण्यावर उताणे तरंगा, डोकं कयाकच्या मागच्या टोकाकडे. कयाककडचा पाय उचलून कॉकपिटमध्ये घाला, गुडघ्याच्या वरपर्यंत. जमलं तर दुसराही. टाच आतून डेकखाली अडकते. आता त्याच बाजूच्या हाताने काठ धरून, आतला पाय सरळ ताणत मागच्या डेकवर पोटावर लोळा. तुम्हाला वर आणतो तो पाय, आणि मांडीत दंडापेक्षा कितीतरी जास्त जोर असतो. डेकवर पालथे पडलात की दोन्ही पाय आत सरकवा आणि मदतनीसाकडे तोंड करत, अंग खाली ठेवून फिरत आसनात या. डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ द्या. मध्येच बसायला गेलात तर पुन्हा पाण्यात.

मदतनीसाची चूक तुमच्या चुकीइतकीच नेहमीची असते. तो बोटांनी फक्त जवळचा काठ धरतो. त्याने छाती तुमच्या कयाकवर टाकायला हवी, एक हात जवळच्या आणि एक लांबच्या काठावर. तेव्हा दोन कयाकचा मिळून एक रुंद तराफा होतो आणि त्याला उलटवणं ९५ किलोच्याही हातात राहत नाही.

एवढ्यानेही न जमल्यास पट्ट्याची रिकीब करा: गाठ मारून कमी-जास्त करता येईल असा फास मदतनीसाच्या कॉकपिटच्या काठाभोवती अडकवून, रिकाम्या कयाकवरून पलीकडे तुमच्या बाजूला सोडायचा. पाय ठेवल्यावर गुडघा साधारण काटकोनात यावा. फास जास्त लांब झाला तर पाय कयाकखाली झुलतो आणि मूळ अडचण परत येते. चढल्यावर फास लगेच आवरा, पायात गुंतू देऊ नका.

आणि जॅकेटच्या पुढच्या खिशातून वॉकीटॉकी, पाण्याची बाटली, खाऊ वगैरे काढून ठेवा. बऱ्याच जणांची छाती काठावर अडते ती या गाठोड्यामुळे.

प्रश्न: एकटी असताना पॅडल फ्लोट वापरते. डेकवर येते, पाय आत जातात, आणि आसनात वळताना हमखास दुसऱ्या बाजूला पडते. फ्लोट निकामी आहे का?

फ्लोट ठीक असणार. वळण्याची दिशा चुकतेय.

फ्लोट म्हणजे वल्ह्याच्या पात्यावर चढवायची हवेची पिशवी. ती खाली दाबली की आधार देते. कयाकला वरून धरून मात्र ठेवत नाही. म्हणजे आधार एकाच बाजूला आहे. तुम्ही फ्लोटकडे पाठ करून वळलात की वजन मधल्या रेषेच्या पलीकडे जातं आणि वल्हं निमूटपणे हवेत उचललं जातं. वळताना तोंड फ्लोटकडे ठेवा, पलीकडचा खांदा हवेत राहिला तरी चालेल. फ्लोटकडचा हात दांड्यावरून शेवटपर्यंत काढू नका.

बाकी क्रमही तपासून घ्या. कयाक पालथीच असताना एक पाय कॉकपिटमध्ये अडकवा, म्हणजे ती वाहून जाणार नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतील. पिशवी पात्यावर चढवून बकल दांड्याभोवती लावा, दोन कप्पे असतील तर दोन्ही गच्च फुगवा. अर्धवट फुगलेली पिशवी भाराखाली बुडते. मग कयाक झटक्यात सुलटी करा. हळू केली की कॉकपिट बादलीसारखं भरून घेतं. दांडा काठाच्या मागे, कयाकला काटकोनात. डेकवर त्यासाठी रबरी दोरी असेल तर तिच्याखाली सरकवा. वल्हं तिरकं झालं की फ्लोट कयाकजवळ येतो आणि त्याचा आधार तितकाच कमी होतो. त्यानंतर पाय मागे मारत अंग पृष्ठभागावर आणा, डोकं मागच्या टोकाकडे ठेवून डेकवर पोटावर या, जवळचा पाय दांड्यावर टेकवा आणि एकेक पाय आत घ्या.

आसनात बसल्यावर लगेच फ्लोट काढायची घाई करू नका. कयाक पाण्याने भरलेली आहे आणि खरा डगमगाट आता सुरू होतो.

फुटणाऱ्या लाटांत फ्लोटच्या नादी लागू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. किनारा जवळ असेल तर कयाक धरून पोहत आत या, पण कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला राहून. कयाक आणि किनारा यांच्यामध्ये सापडलात तर पाण्याने भरलेली ती होडी लाटेसोबत तुमच्या अंगावर येते.

प्रश्न: चढल्यावर कॉकपिटमध्ये बरंच पाणी उरतं. ते काढायला किती वेळ लागतो? स्पंज पुरेल का?

स्पंज शेवटच्या दोन तांब्यांसाठी. नेहमीचा हातपंप जोमाने मारल्यास मिनिटाला साधारण ३० लिटर पाणी काढतो. कॉकपिटमध्ये १०० लिटर असेल तर न थांबता तीन मिनिटांहून जास्त, आणि हात थकतात, म्हणून प्रत्यक्षात पाच धरा. तेवढा वेळ हातात वल्हं नसतं. आतलं पाणी कयाक ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं, त्यामुळे रोजची ओळखीची कयाक परकी वाटते. लाटा असतील तर स्कर्ट मागून आणि बाजूंनी लावून घ्या, पुढे एका कोपऱ्यातून पंप आत घाला. नाहीतर काढलेलं पाणी परत येत राहतं.

कयाकला पुढे आणि मागे दोन्हीकडे बल्कहेड आहे ना, हे बघा. एक नसेल तर त्या पोकळीत हवेच्या पिशव्या फुगवून बांधा. नाहीतर ते टोक भरून बुडतं आणि कयाक बाटलीसारखी उभी तरंगते. मग कुठलीच युक्ती चालत नाही.

प्रश्न: बसायची जागा वरच असते अशा उघड्या कयाकला एवढा सगळा खटाटोप लागतो का?

नाही. पलीकडची दोरी किंवा पट्टा धरून ती सुलटी करा, मध्यावर या, पाय मागे मारा. मग पोट, बूड, पाय, याच क्रमाने: आधी पोट आसनावर आडवं, मग फिरून बूड, शेवटी पाय. पाणी छिद्रांतून आपोआप निघून जातं.

प्रश्न: मोठ्या बोटीतून किंवा खडकावरून, जिथे बाजूला लगेच खोल पाणी आहे, तिथून निघायचं तर कसं?

मोठ्या बोटीची वाऱ्याच्या आडोशाची बाजू निवडा. इंजिन चालू असलं तर गिअर न्यूट्रलमध्ये, आणि हे बोट चालवणाऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही. कयाक पुढे-मागे दोन दोऱ्यांनी खाली सोडा. शिडी पाण्यापर्यंत असेल आणि समुद्र शांत असेल तर शिडीवरून थेट कयाकमध्ये बसता येतं, वरच्या माणसाने दोऱ्या ताणून धरल्या तर. पण उसळी असेल तर शिडी आणि कयाक वेगवेगळ्या तालावर वर-खाली होतात आणि मध्ये पाऊल किंवा बोटं चिरडतात. तेव्हा सरळ पाण्यात उतरावं, कयाक बोटीपासून दोन-तीन कयाकच्या लांबीइतकी दूर न्यावी आणि वर सांगितलेल्या पद्धतीने चढावं.

खडकावरूनही तेच. कयाकला दोरी बांधून पाण्यात ढकला, दोन लाटांमधली शांत वेळ बघून मागोमाग उतरा, खडकापासून लांब पोहा, मग चढा. एकाने आधी पाण्यात असावं हे बरं. दोरी मनगटाला गुंडाळू नका, मुठीत धरा.

अर्थात ज्याला पाण्यातून दोन मिनिटांत कयाकमध्ये परतता येत नाही, त्याने अशा जागेवरून निघूच नये.

प्रश्न: पाण्यात पडल्यावर नेमका किती वेळ हातात असतो?

पाण्याच्या तापमानावर अवलंबून आहे. १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात पहिल्या झटक्याला धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही. अतिथंड पाण्यासाठी १-१०-१ असा आडाखा आहे: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. आपल्या कामाची ती मधली दहा मिनिटं. बोटं बधिर झाली की फ्लोटचं बकल लागत नाही, स्कर्ट काठावर बसत नाही. म्हणून दोन प्रयत्न फसले की तिसऱ्यात सगळा जोर घालण्याऐवजी शिट्टी, वॉकीटॉकी, जे असेल त्याने मदत मागा. कयाक सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नका. शोधणाऱ्याला पाच मीटरची होडी दिसते, डोकं दिसत नाही.

प्रश्न: वल्हं दोरीने कयाकला बांधून ठेवावं का?

खुल्या पाण्यात, वाऱ्यात, विशेषतः एकटे असाल तर हो. फुटणाऱ्या लाटांतून निघताना किंवा परतताना नको. उलटल्यावर ती दोरी गळ्यात आणि पायांत गुंतते.

प्रश्न: गोट्यांच्या किनाऱ्यावरून निघालं की कयाकचा स्केग खाली येतच नाही. तार बदलून झाली.

स्केग म्हणजे कयाक सरळ चालावी म्हणून मागच्या बाजूला तळाच्या खाचेतून खाली सोडायचं पातं, ते तारेने वर-खाली होतं. तारेचा दोष नसावा. निघताना कयाक गोट्यांवर घासत पाण्यात ढकलली की एखादा खडा स्केगच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. अशा वेळी आतून जोर लावून लीव्हर ढकलली की तार वाकते. म्हणून तुमची नवी तारही एकदा सरळ आहे का ते बघा. स्केगच्या खालच्या टोकाला बारीक भोक पाडून जाड दोऱ्याचा छोटा फास बांधा. पाण्यात गेल्यावर सोबती तो ओढून स्केग मोकळा करू शकतो. आणि शक्य असेल तिथे कयाक आधी पूर्ण तरंगू द्या, मग बसा.